शेवटचं मंगलाष्टक आधी

पुतणीच्या लग्नात मी शेवटचं मंगलाष्टक सगळ्यांत आधी वाजवलं.

एवढंच केलं. मानपानावरून भांडलो नाही, वरातीत पिऊन पडलो नाही, पंगतीत कुणाला उठवलं नाही. तरीही त्या लग्नाचा विषय निघाला की डिंगोऱ्यातले लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग हसतात. मला हसू येत नाही. मला राग येतो. राग नक्की कुणाचा, हे मात्र दर वेळी बदलतं. कधी यंत्राचा, कधी स्पीकरवाल्याचा, कधी अख्ख्या गावाचा. माझा स्वतःचा यायला बराच वेळ लागला, आणि तोही पुरता आलाय असं मी शपथेवर सांगणार नाही.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची मुलगी. भाऊ डिंगोऱ्यात शेती करायचा. मी त्याला दादा म्हणतो. दादाची गावातली खरी ओळख शेतीची नव्हती, मंगलाष्टकांची होती. भावकीतलं लग्न असो नाहीतर परक्या आळीतलं, गुरुजी घसा साफ करायला लागले की लोक माना वळवून दादा कुठं उभा आहे ते बघायचे. मंगलाष्टकं आठ असावीत असं त्या शब्दातच आहे, पण दादाची नऊ असायची. एक तो स्वतः जुळवायचा, त्यात नवरानवरीची नावं गुंफायचा आणि ते शेवटून दुसरं म्हणायचा. मग नेहमीचं शेवटचं. शेवटचं 'सावधान' झालं की सूर सोडून, साध्या बोलण्यात, वाजंत्र्यांकडं मान वळवून म्हणायचा, "हं, वाजवा रे आता."

तेवढ्यानं सगळं व्हायचं. अंतरपाट बाजूला, हार गळ्यात, सनई-ताशा सुरू, आणि माणसं पंगतीकडं. दादा ते चार शब्द बोलल्याशिवाय ताशेवाला काड्या उचलत नसे. गावाच्या अंगात ती सवय मुरली होती. मला हे लहानपणापासून माहीत होतं. नेमकं उपयोग व्हायच्या वेळी ते मला आठवलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दादाच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढतो, पण आवाज राहील असं धरून चालू नका. पुतणी तेव्हा शाळेत होती. दादा जुन्नरला माझ्या घरी आला, चहा पिऊन झाला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "तुझा टेप घिऊन चल डिंगोऱ्याला. पोरीच्या लग्नात मी गप उभा ऱ्हायचो न्हाई."

त्या रविवारी आम्ही त्याच्या घरात ते रेकॉर्डिंग केलं. वहिनीला बजावलं होतं की आवाज करायचा नाही. तिनं भांडी घासायची थांबवली, पण चुलीवरचा कुकर विसरली. त्यामुळं तिसऱ्या मंगलाष्टकात 'सावधान'च्या आधी कुकरची शिट्टी आहे. आठवं मंगलाष्टक दादानं पोरीसाठी जुळवलं होतं. त्यात तिचं नाव घेतलं आणि पुढं अडला, कारण नवऱ्याचं नाव कुठून आणणार? मुलगी सातवीत. टेप फिरत होता. दादानं डोळे मिटले आणि नावाच्या जागी 'जावई माझे' घालून ओळ चालीत बसवली. आतून वहिनी हसली. तेही टेपवर आलं. मग शेवटचं, आणि त्याच्या टोकाला सवयीनं, "हं, वाजवा रे आता." समोर वाजवायला कुणी नव्हतं. मी टेपचं बटण दाबलं.

ऑपरेशननंतर गाठ गेली, माणूस राहिला. आवाज गेला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं बोलायचा, तेही कामापुरतं. एरवी हातानं भागवायचा. कॅसेट वहिनीनं ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवली. पोर मोठी होत गेली तशी घरात कधी भांडण झालं, कधी लाड झाले, की वहिनी म्हणायची, "तुझ्या बापाचा आवाज हाय तुझ्यासाठी ठेवल्याला, लगीन नीट कर म्हंजी झालं."

लग्न ठरलं तेव्हा पेनड्राइव्हचे दिवस आले होते. मुलगा घोडेगावच्या बाजूचा. मी नोकरीला घोडेगावातच, एका सरकारी ऑफिसात. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर रोज काढायचं आणि घालायचं काम माझ्याकडं आलं, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या भावकीत मी कॉम्प्युटरमधला माणूस ठरलो. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पुढं घरी जुन्नरलाही एक कॉम्प्युटर घेतला.

वहिनीनं कॅसेट माझ्या हातात दिली. "भावजी, स्पीकरवाल्याकडं कॅसेटचं मशीन हाय. मी इचारून घेतलंय. हीच लावा."

"वहिनी, कॅसेट आता कोण लावतं?" मी म्हणालो. "ऐन वेळी रीळ अडकली तर? मी पेनड्राइव्हमध्ये आणतो. एकदम क्लिअर."

वहिनी दादाकडं बघायला लागली. दादानं हात हलवला. त्याचा अर्थ 'करू दे त्याला' असा होतो. त्याचा अर्थ 'याच्या नादाला लागू नका' असाही होतो. मी माझ्या सोयीचा घेतला.

त्याआधीच्या गणपतीत आमच्या आळीच्या मंडळानं मला एकदा तोंडघशी पडलेलं बघितलं होतं. मी आरत्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिले होते, आणि मंडळाच्या मशीननं एकनंतर दहा वाजवली, मग अकरा, आणि दोन नंबरची आरती लोक प्रसाद खात असताना लागली. तेव्हा कुणीतरी सांगितलं की एकाच्या आधी शून्य लावायचं, म्हणजे रांग बिघडत नाही. त्या शून्याचा मला इतका गर्व झाला की पुढं मी प्रत्येक गोष्टीला शून्य लावत सुटलो. दादाची मंगलाष्टकं नऊच, तिथं शून्याची काही गरज नव्हती. तरी लावलं. शून्य एक, शून्य दोन, असं थेट शून्य नऊपर्यंत. गुरुजींना मध्ये थांबवता यावं म्हणून प्रत्येक मंगलाष्टकाची वेगळी फाइल केली. कॉम्प्युटरवर ओळीनं वाजवून बघितली. कुकर, वहिनीचं हसू, सगळं जागच्या जागी. मग सगळ्या फायली निवडल्या आणि ओढून पेनड्राइव्हमध्ये टाकल्या. पेनड्राइव्ह उघडून पुन्हा बघितला. शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या सगळ्या रांगेत.

मंडपात स्पीकरवाल्यानं पेनड्राइव्ह घेतला आणि मशीनच्या भोकात खुपसला. मशीनला पडदा नव्हता, नुसता एक लाल आकडा.

"हे वाजवेल ना सगळं?" मी विचारलं.

"काका, आपलं मशीन कायबी वाजवतं."

त्यानं अगदी खरं तेच सांगितलं होतं.

गुरुजी आधीच फुगलेले. "मग मी काय नुसता उभा राहू?" म्हणाले. त्यांना सुरुवातीचे श्लोक देऊन समजूत काढली. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पुतणी, हातात हार. दादा तिच्या डाव्या अंगाला, मूठभर अक्षता घेऊन. जुनी माणसं खास त्या आवाजासाठी पुढं येऊन बसली होती. गुरुजींनी श्लोक संपवले आणि माझ्याकडं बघून हात केला. मी स्पीकरवाल्याकडं बघून हात केला. एखाद्या मंत्र्यानं पाटाच्या पाण्याचं दार उघडावं, तसा केला.

पहिली ओळ आली. आवाज दादाचाच, भरलेला, जुना. पण मंगलाष्टक शेवटचं.

मी पळालो. मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा पुढं उभा होतो आणि मशीन मंडपाच्या मागच्या टोकाला. मध्ये खुर्च्या, लुगडी, पोरं, आणि जमिनीवरनं टाकलेली वायर. वायरीत पाय अडकला. एका पाहुण्याच्या मांडीवर बसलो, उठलो. तोवर चार ओळी संपल्या. 'सावधान' झालं. लोकांनी अक्षता टाकल्या. आणि मग मंडपाच्या चारी कोपऱ्यांतून, स्पष्ट, साध्या बोलण्यात, दादा म्हणाला, "हं, वाजवा रे आता."

गावानं ऐकलं. कितीतरी वर्षांनी तो हुकूम आला होता, आणि एकालाही शंका आली नाही. ताशेवाल्यानं काड्या उचलल्या. ज्यांनी अंतरपाट धरला होता त्यांचे हात आपोआप सैल पडले. नवरानवरी एकमेकांसमोर अचानक उघडी पडल्यासारखी बघत राहिली, मग कुणीतरी "हार घाला, हार घाला" केलं, तर त्यांनी हार घातले. लोकांनी उरलेल्या अक्षता एकदम भिरकावल्या आणि उठले. ऊन मरणाचं होतं आणि बुंदीचा वास कधीपासून येत होता. एक माणूस थांबला नाही. इतक्या माणसांत, ज्यांची आयुष्यं दादाची मंगलाष्टकं ऐकण्यात गेली, त्यांतल्या एकालाही असं वाटू नये की बाकीची आठ कुठं गेली?

मशीन बिचारं पुढं चालूच होतं. त्यानं पहिलं मंगलाष्टक सुरू केलं होतं. मी तिथंच गप्प बसलो असतो तर ते ओळीनं पुढं गेलं असतं, आठवं आलं असतं, आणि ताशा दमल्यावर का होईना, पोरीनं तिचं नाव बापाच्या तोंडून ऐकलं असतं. पण मी रागात मशीनपर्यंत पोचलो आणि पेनड्राइव्ह उपटला.

"अहो काका, चालू हाय ना त्ये," स्पीकरवाला म्हणाला.

"चुकीचं चालू आहे. पहिल्यापासून लाव," मी ओरडलो, आणि माझ्याच हातानं पेनड्राइव्ह परत खुपसला.

मशीननं त्याच्या मते पहिल्यापासून लावलं. म्हणजे पुन्हा शेवटचं. पुन्हा "हं, वाजवा रे आता." ताशेवाला नुकताच घाम पुसत बसला होता, तो परत उठला आणि दुप्पट जोरानं वाजवायला लागला. पंगतीत लोक हसायला लागले. घोडेगावकडच्या पाव्हण्यांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "डिंगोऱ्याला दोनदा लावत्यात व्हय लगीन?"

मी तिसऱ्यांदा पेनड्राइव्हला हात घातला तेव्हा पुतणी हार सावरत मंडपातून माझ्यापर्यंत चालत आली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं.

"काका, बास," ती म्हणाली. "आता काय हात लावू नका."

स्पीकरवाल्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह घातला आणि हिंदी गाणी लावली. मी दादाकडं बघितलं. तो होता तिथंच उभा होता, मूठ मिटलेली. त्यानं एक दाणाही टाकला नव्हता. मग त्यानं ती मूठ सदऱ्याच्या खिशात रिकामी केली आणि पाव्हण्यांना पाणी मिळालं का ते बघायला गेला.

त्या दिवशी मी आधी स्पीकरवाल्याशी भांडलो. त्याचं म्हणणं, मशीन चांगलंय, फाइल खराब. माझं म्हणणं, फाइल चांगलीय, मशीन खराब. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं भांडण बराच वेळ टिकलं. मग मी गुरुजींशी भांडलो. म्हटलं, अंतरपाट परत धरा. ते म्हणाले, "एकदा पडलेला अंतरपाट काय टाकीचं झाकण आहे, परत लावायला?" मग घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. पेनड्राइव्ह लावला. शून्य एक, शून्य दोन, शून्य तीन. अगदी सुतात. आणि पडद्यावरच्या त्या सरळ रांगेचा मला जेवढा संताप आला, तेवढा त्या दिवसात कशाचाच आला नव्हता. मला एक दाखवतो आणि गावाला दुसरंच ऐकवतो! माणूस असता तर कानफटात मारली असती.

पुढचे कितीतरी दिवस मी ऑफिसातनं आलो की त्याच उद्योगाला लागायचो. माझा एक मित्र लेण्याद्रीला भाविकांना ने-आण करणारी जीप चालवायचा, त्यात पेनड्राइव्ह चालायचा. मी फायलींची नावं बदलायचो आणि जीपमध्ये जाऊन लावायचो. शून्य काढलं. दोन शून्यं लावली. आकड्यांऐवजी अक्षरं लावली. काही केलं तरी जीप शेवटच्या मंगलाष्टकानंच सुरू व्हायची आणि दादा म्हणायचा, "हं, वाजवा रे आता." मागं बसलेले भाविक विचारायचे, पावणं, लगीन कुणाचं हाय?

मित्र वैतागला. "राव, माझ्या गाडीत रोज लगीन लागतंय आन् जेवाय कुणी घालत न्हाई."

एक दिवस मी इतका चिडलो की पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फायली पुसून टाकल्या आणि परत टाकायला बसलो. नेहमीसारखं पहिल्या फाइलीवर टिचकी, मग शिफ्ट दाबून शेवटचीवर टिचकी, मधल्या सगळ्या निवडल्या गेल्या. तेवढ्यात बायकोनं काहीतरी विचारलं, मी तिच्यावर खेकसलो, हात हलला, आणि मी तो गठ्ठा शेवटच्या फाइलीऐवजी मधल्याच एकीला धरून ओढला. जीपमध्ये लावलं तर पहिलं वाजलं पाचवं. मग सहावं. मग पुढची शेवटपर्यंत, आणि त्यानंतर पहिलं.

मी जीपमध्येच बोटांवर सगळं जुळवून बघितलं. एवढ्याशा गोष्टीनं माझी इज्जत गेली होती. पडद्यावर दिसते ती नावांची रांग, ती नुसती दाखवायची. मंडळाचं मशीन नावं वाचत असेल, ही यंत्रं वाचतच नाहीत. पेनड्राइव्हमध्ये जी फाइल आधी शिरली, ती आधी वाजते. एसटीच्या दारात कुणी नाव विचारून आत घेत नाही, जो आधी घुसला तो खिडकीत, तसंच हे. आणि गठ्ठा ओढताना ज्या फाइलीला धरलं, ती सगळ्यांत आधी घुसते. शेवटच्या फाइलीवर टिचकी मारून झाली की माझा हात तिथंच असायचा, म्हणून मी दर वेळी तिलाच धरायचो. लग्नाच्या वेळी शेवटच्या मंगलाष्टकाला मीच हाताला धरून सगळ्यांच्या पुढं आत ढकललं होतं.

हे कळल्यावर राग जायला हवा होता. उलट वाढला. हे कुठं लिहिलेलं नाही, कुणी सांगत नाही, आणि ज्यानं हे असं बनवलं त्याला डिंगोऱ्याच्या उन्हात वायरीत पाय अडकवून पळायला लावावं असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

दिवाळसणाला पुतणी आणि जावई डिंगोऱ्याला आले. लग्नापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. फोन केला की "ह्यांना देते" म्हणायची. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. या वेळी एकेक फाइल हातानं टाकली होती, पहिली झाल्यावर दुसरी, दुसरी झाल्यावर तिसरी, आणि आधी जीपमध्ये नऊच्या नऊ ऐकली होती. दादाच्या घरी डीव्हीडी प्लेअर होता, त्यात पेनड्राइव्ह बसायचा.

"परत?" पुतणी म्हणाली.

"एकदाच. नीट केलंय."

"नीट तर लग्नातही केलं होतं तुम्ही. आईनं कॅसेट दिली होती. ती सरळ लावली असती तर?"

मी पेनड्राइव्ह प्लेअरमध्ये खुपसला आणि बटण दाबलं.

पहिलं मंगलाष्टक पहिलं वाजलं. दादा भिंतीला टेकून बसला होता, जावई त्याच्या शेजारी ताठ, परीक्षेला बसल्यासारखा. वहिनी करंज्यांचं ताट घेऊन दारात थांबली. तिसऱ्यात कुकर वाजला तेव्हा ती सवयीनं चुलीकडं वळली, मग लाजली. आठवं आलं. पुतणीचं नाव आलं, मग ती अडलेली जागा, आणि मग 'जावई माझे'. टेपमधली वहिनी हसली. दारातली वहिनी हसली नाही. जावयानं मान खाली घातली. पुतणीनं बापाकडं बघितलं आणि मग डीव्हीडी प्लेअरच्या लाल आकड्याकडं.

शेवटचं संपलं. "हं, वाजवा रे आता." कुणी हललं नाही.

"हे मला तेव्हा ऐकायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्यांसमोर. उभं राहून."

तिथं मी तोंड मिटून बसायला हवं होतं. पण मला वाटलं, कारण कळलं तर तिचा राग कमी होईल. मी सगळं सांगायला लागलो. नावांची रांग खोटी कशी, एसटीचं दार कसं, पहिलीवर टिचकी, शेवटचीवर टिचकी. करंज्यांच्या ताटात मी नऊ करंज्या ओळीत मांडल्या आणि शेवटच्या करंजीला धरून सगळी रांग ओढून दाखवली. "म्हणजे बघ, माझी चूक अशी नाहीच. नावं बरोबर होती. आकडे बरोबर होते. कॉम्प्युटरनंच आतल्या आत..."

दादानं हात वर केला. सगळे थांबले. त्यानं श्वास घेतला, घशावर बोट ठेवलं, आणि अख्ख्या दिवाळीत बोलायला साठवलेली हवा एकदम खर्च केली.

"म्हंजी तू बैल शेपटाला धरून ओढला," दादा म्हणाला, "आन् शिव्या गोठ्याला देतुयास."